मत्तयकृत शुभवर्तमानाची यहुदी मुळे

नव्या करारातल्या चार शुभवर्तमानांपैकी पहिले मत्तयाच्या नावावर आहे. येशू, त्याचे बारा शिष्य आणि ज्या समाजासाठी हा ग्रंथ लिहिला गेला त्यातले बहुसंख्य लोक यहुदी होते. हे ध्यानात ठेवून ग्रंथ वाचण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. गेझा व्हर्मेश, डेव्हिड फ्लुसर, ई. पी. सँडर्स आणि एमी-जिल लेव्हाइन या अभ्यासकांनी येशूला त्याच्या काळातल्या यहुदी धर्मजीवनात ठेवून पाहिले. मृत समुद्राकाठची प्राचीन यहुदी हस्तलिखिते 1947 पासून उजेडात येऊ लागल्याने या अभ्यासाला मोठे बळ मिळाले.

ग्रंथ आज ग्रीक भाषेतच उपलब्ध आहे. मत्तयाने प्रभूची वचने ‘इब्री भाषेत’ संकलित केली, असे दुसऱ्या शतकातला बिशप पापियास याचे विधान चर्चचा इतिहासकार युसेबियस याने नोंदवून ठेवले आहे. तरी आजचा ग्रंथ मुळातच ग्रीकमध्ये रचला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतरच्या दशकांत, बहुधा 80 ते 90 च्या सुमारास, सीरियातल्या अंत्युखियात किंवा त्या परिसरात तो लिहिला गेला असावा. मंदिर गेले, यज्ञ थांबले. आता नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या ग्रंथांतले धर्मनियम, कसे पाळायचे, हा प्रश्न तेव्हा सगळ्याच यहुदी गटांपुढे होता. मत्तयाचा ग्रंथ हे त्या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे.

ग्रंथाची सुरुवातच वंशावळीने होते: ‘अब्राहामाचा पुत्र, दावीदाचा पुत्र’. पिढ्यांचे चौदा-चौदाचे तीन गट पाडले आहेत. इब्री लिपीत अक्षरेच अंक म्हणूनही वापरतात आणि दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीज चौदा होते, त्यामुळे ही मांडणी हेतुपुरस्सर असावी. पुरुषांच्या या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या स्त्रियाही येतात, शेवटी मरीया. पुढे बाळ येशूला घेऊन योसेफ मिसरात जातो आणि परततो, तेव्हा लेखक जुन्या करारातला संदेष्टा होशेय याचे वचन देतो: ‘मी आपल्या पुत्राला मिसर देशातून बोलावले.’ होशेयाच्या पुस्तकात तो पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र. रानातल्या परीक्षेच्या प्रसंगात हेच सूत्र आणखी स्पष्ट दिसते. इस्राएल चाळीस वर्षे रानात होते, येशू चाळीस दिवस राहतो. आणि सैतानाला दिलेली त्याची तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतली, म्हणजे मोशेने त्या रानवासाची आठवण करून दिली तिथली आहेत. जुना करार बाजूला ठेवून हा प्रसंग वाचला, तर त्याचा अर्धा अर्थ हातून निसटतो.

येशूची पाच मोठी प्रवचने ग्रंथात आहेत. त्यांवरून मोशेच्या पाच पुस्तकांची आठवण अनेकांना होते, पण हा दुवा फार ताणू नये. डोंगरावरील प्रवचनातले विधान मात्र निःसंदिग्ध आहे: ‘मी नियमशास्त्र किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ रद्द करायला आलो आहे असे समजू नका.’ येशूच्या वस्त्राला गोंडे आहेत; रक्तस्रावाने पीडित स्त्री त्या गोंड्यालाच शिवते, आणि असे गोंडे लावण्याची आज्ञा जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकात आहे.

परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहुदी गट, यांच्याशी होणारे येशूचे वादही यहुदी वादपद्धतीतलेच आहेत. ‘कोणत्याही कारणावरून बायको टाकणे योग्य आहे काय?’ हा एकोणिसाव्या अध्यायातला प्रश्न हिल्लेल आणि शम्मय या दोन यहुदी गुरूंच्या शिष्यांत गाजलेला होता. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातल्या नोंदीनुसार, बायकोने स्वयंपाक बिघडवला एवढे कारणही हिल्लेलपंथीय पुरेसे मानत. शम्मयपंथीयांना अनीतीखेरीज दुसरे कारण मान्य नव्हते. येशूचे उत्तर शम्मयाच्या जवळ जाते. शब्बाथ, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, खड्ड्यात पडलेले मेंढरू तुम्ही वर काढाल ना, असे तो विचारतो. मृत समुद्राकाठच्या हस्तलिखितांत सापडलेली ‘दमास्कस नियमावली’ जनावर असे वर काढायला मनाई करते. म्हणजे शब्बाथ पाळायचा हे सर्वांना मान्य होते, तो कसा पाळायचा याबद्दल मतभेद होते.

म्हणूनच तेविसाव्या अध्यायातली ‘अहो ढोंग्यांनो’ ही कठोर भाषा घरातल्या भांडणाची आहे, एका धर्माने दुसऱ्यावर केलेला आरोप नव्हे. त्याच अध्यायाच्या आरंभी ‘शास्त्री व परूशी मोशेच्या आसनावर बसले आहेत, ते सांगतील ते सर्व पाळा’ असेही येशू म्हणतो. उपदेशात ‘परूशी’ हा शब्द ढोंगी या अर्थाने सर्रास वापरला जातो. ती सवय या ग्रंथावर अन्याय करणारी आहे. मत्तयाचा समाज सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाच्या समुदायात, होता की बाहेर पडला होता, यावर अजून एकमत नाही. ग्रंथातले ‘त्यांची सभास्थाने’ हे शब्द दुराव्याकडे बोट दाखवतात. दहाव्या अध्यायात शिष्यांना फक्त इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडे पाठवले जाते, तर शेवटी सर्व राष्ट्रांकडे.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तेवढा दूरचा नाही. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल हे यहुदी, मराठी बोलत आणि ‘शेमा’ ही प्रार्थना जपून होते. ‘हे इस्राएला, ऐक’ या तिच्याच शब्दांपाठच्या आज्ञेला मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात येशू सर्वांत मोठी आज्ञा म्हणतो. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी 1616 च्या ‘क्रिस्तपुराण’ या मराठी काव्यात आधी जुन्या कराराचे ‘पैलें पुराण’ सांगून मगच ख्रिस्तचरित्राचे ‘दुसरें’ घेतले. पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर करण्यासाठी इब्री आणि ग्रीक या मूळ भाषा शिकल्या.

श्रद्धावंतांसाठी या अभ्यासाचा सर्वांत गंभीर भाग सत्ताविसाव्या अध्यायात आहे. ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ या जमावाच्या ओळीचा आधार घेऊन शतकानुशतके यहुद्यांचा छळ झाला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले. उपदेश आणि धर्मशिक्षणात यहुदी धर्म कसा मांडावा, याबद्दलची सूचनापत्रिका व्हॅटिकनने 1985 मध्ये काढली. कॅथलिक उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातले पहिले वर्ष मत्तयाचे असते. त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी त्याचेच दुःखसहनाचे वर्णन वाचले जाते, आणि अनेक ठिकाणी जमावाच्या ओळी उपासकच मोठ्याने म्हणतात. त्यामुळे त्या ओळीचा अर्थ वाचनाआधी किंवा त्या दिवशीच्या प्रवचनात उलगडून सांगणे, ही धर्मगुरूची थेट जबाबदारी ठरते.