एमएसडीएसवरचा तो एलसी५० आकडा येतो कुठून, आणि काय सांगत नाही

शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कोल्ड बॉक्सवर, म्हणजे न तापवता गॅसने वाळू कडक करायच्या पद्धतीवर चालणाऱ्या कुठल्याही फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये (कोअर म्हणजे कास्टिंगमधली पोकळी तयार करणारा वाळूचा ठोकळा) जावा, दोन ड्रम दिसणारच. एकात फिनॉलिक रेझिन, दुसऱ्यात एमडीआय, म्हणजे आयसोसायनेट घराण्यातलं केमिकल. दोन्ही वाळूत मिसळायचं, वाळू कोअर बॉक्समध्ये मारायची, वरनं अमाईनचा गॅस सोडायचा की काही सेकंदात कोअर कडक. आता ह्या दुसऱ्या ड्रमबरोबर जो एमएसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांची माहिती देणारा कागद येतो त्याच्या अकराव्या सेक्शनमध्ये एक ओळ असते, एलसी५०, इनहेलेशन, रॅट, ४ तास, आणि पुढं साधारण अर्धा मिलिग्रॅम प्रति लिटर असा आकडा. बहुतेक लोक ती ओळ वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यातले बरेच जण तिचा अर्थ चुकीचा लावतात, म्हणून हे लिहितोय.

अर्थ असा की हवेत एवढं केमिकल असताना उंदरांनी चार तास श्वास घेतला तर त्यातले निम्मे मरतात. बस्स, एवढाच. निम्मे मरण्याचा हा हिशोब १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने औषधांची ताकद मोजायला मांडला होता, पुढं तो विषांना लागला आणि आजपर्यंत टिकला. कारण सगळ्यात नाजूक उंदीर कधी मरेल आणि सगळ्यात टणक कधी, हे दर वेळेला बदलतं, मधला आकडा त्यामानाने स्थिर राहतो.

टेस्ट कशी करायची ते ओईसीडी ह्या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या गाईडलाईन नंबर ४०३ मध्ये दिलंय, पहिल्यांदा १९८१ ला आली आणि २००९ ला सुधारली. आठ ते बारा आठवड्यांचे तरुण उंदीर घेतात, विस्टार जातीचे वगैरे. प्रत्येकाला एका नळीत ठेवतात, नळीच्या पुढच्या टोकातनं फक्त नाक बाहेर आणि ते नाक केमिकल सोडलेल्या हवेत. पूर्ण उंदीर चेंबरमध्ये सोडला तर केमिकल अंगावरच्या केसांवर बसतं, उंदीर स्वतःला चाटून साफ करतो आणि ते पोटात जातं, मग विष श्वासातनं गेलं का तोंडातनं हेच कळत नाही. नळीत जनावर घाबरू नये म्हणून आधी काही दिवस त्याला नळीची सवय लावतात. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, तापमान २२ अंशाच्या आसपास, नाहीतर उंदीर गुदमरून किंवा उकाड्यानं मरायचा आणि दोष केमिकलला लागायचा.

खरी कसरत हवेची आहे. मशीनला अमुक एवढं केमिकल घातलं म्हणजे नाकापर्यंत तेवढंच पोचलं असं होत नाही, बरंचसं पाईपला आणि भिंतींना चिकटतं, म्हणून अगदी उंदराच्या नाकाजवळची हवा फिल्टरमधून ओढून मोजावी लागते आणि हिशोबात तोच आकडा धरतात. शिवाय थेंबाचा साईझ. उंदीर फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंडाने नाही, आणि त्याचं नाक मोठे कण आतच अडवतं. मग फुफ्फुसापर्यंत पोचावं म्हणून थेंब १ ते ४ मायक्रॉन एवढे बारीक करतात.

एमडीआयचा सगळा घोळ इथंच आहे. नुसत्या कोंदट खोलीत ठेवलं तर एमडीआयची वाफ फारच कमी होते, त्या वाफेने उंदीर मरत नाहीत. मारायला लॅबमध्ये मुद्दाम त्याचं बारीक धुकं करावं लागतं. म्हणून आकड्याप्रमाणे बघितलं तर ते अतिविषारीच्या दुसऱ्या वर्गात बसायला पाहिजे पण युरोपने ते चौथ्या वर्गात, म्हणजे 'श्वासातून गेल्यास अपायकारक' ह्यात ठेवलंय. मला हा निर्णय समजण्यासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ धोका नाही असा कुणी काढू नये, कारण केमिकल गरम झालं किंवा फवारलं गेलं की वाफेचं आणि धुक्याचं गणित बदलतं, आणि फौंड्रीत उष्णतेला काय तोटा.

भोपाळचा गॅस तो हाच का, असं लोक हमखास विचारतात. नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटला तो मिथाईल आयसोसायनेट, घराणं तेच पण ते ३९ अंशालाच उकळतं, म्हणजे कोल्हापुरातल्या एप्रिल-मे मधल्या कडक दुपारी नुसतं उघडं ठेवलं तरी उकळायला टेकेल. एमडीआय तसं उडून जात नाही. भोपाळनंतर १९८९ साली आपल्याकडे घातक रसायनांचे नियम आले त्यात केमिकल किती विषारी हे ठरवायला उंदरांवरचे हेच आकडे वापरलेत.

चार तास झाले की उंदीर बाहेर काढतात आणि पुढं किमान १४ दिवस बघतात. वजन, श्वास, चालणं, नाकातोंडातनं स्राव. एवढं थांबायचं कारण म्हणजे काही वायू लगेच काही दाखवत नाहीत, फॉस्जीन नावाचा विषारी वायू घेतलेला माणूस पहिले काही तास ठणठणीत दिसतो आणि नंतर फुफ्फुसात पाणी भरतं. शेवटी सगळ्या जनावरांचं शवविच्छेदन होतं.

जनावरांना ह्यात त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक पातळीला पाच नर पाच माद्या आणि अशा तीन-चार पातळ्या. आता गाईडलाईन ४३६ मध्ये तीन-तीनच्या टप्प्याने जातात, आणि त्यानंतर आलेल्या ४३३ मध्ये तर मरण मोजायचंच नाही, विषबाधेची स्पष्ट लक्षणं दिसली की तिथंच थांबायचं. ही शेवटची पद्धत मला सगळ्यात पटते, कारण वर्ग ठरवायला तेवढी माहिती पुरते. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि २०११ पासून आपल्या मान्यताप्राप्त लॅबचे रिपोर्ट ओईसीडी देश मानतात त्यामुळं तीच टेस्ट परत तिकडं करून आणखी उंदीर मारायची गरज राहत नाही.

आता मूळ मुद्दा. अर्धा मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे एका घनमीटर हवेत ५०० मिलिग्रॅम. आणि अमेरिकेतल्या एसीजीआयएच ह्या संस्थेने कामाच्या जागेसाठी एमडीआयची सुचवलेली मर्यादा आहे ०.००५ पीपीएम, म्हणजे घनमीटरला साधारण ०.०५ मिलिग्रॅम. दहा हजारपट फरक! एवढा का, तर एमडीआयमुळे माणसाला दमा होतो. एकदा शरीराला ॲलर्जी बसली की मग अगदी थोडंसं केमिकल पण छाती आवळतं. चार तासाच्या टेस्टमध्ये हे दिसणं शक्यच नाही, ॲलर्जी बसायला आधी संपर्क यायला लागतो, मग वेळ जायला लागतो. हा धोका एलसी५० च्या ओळीत नसतो, तो दुसऱ्या सेक्शनमध्ये एच३३४ ह्या कोडने लिहिलेला असतो. तो कोड शोधा.

तसंच कोअर कडक करायला सोडतात त्या अमाईनचं. त्यातलं ट्रायइथाईलअमाईन हवेत जास्त झालं की कोअर शॉपमधल्या माणसाला नजर धुकट होते, दिव्याभोवती निळसर कडी दिसतात, डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा सुजल्यामुळे. काही तासांनी उतरतं, पण तेवढ्यात तो गाडी चालवत घरी निघालेला असतो. उंदीर कडी दिसली म्हणून सांगणार कसा? हे कामगारांनी सांगितलं म्हणूनच कळलं.

आणि वाळू तर ह्या टेस्टला घाबरतच नाही. सिलिकाची बारीक धूळ चार तास दिली तर उंदीर सहसा मरत नाही, आकडा अगदी निरुपद्रवी दिसेल, पण शेकआऊट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करणं) वर्षानुवर्षं तीच धूळ घेणाऱ्याला सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही.

तेव्हा कामाच्या दिवसात खोकला, रात्री छातीत शिट्टी आणि सुट्टीत बरं वाटतंय असं असेल तर धूळ बसली असेल म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे जाताना त्या एमएसडीएसचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जावा आणि केमिकलचं नाव दाखवा. नुसतं "कंपनीत कामाला आहे" म्हटलं तर साध्या दम्याचा पंप मिळतो आणि माणूस परत त्याच ड्रमजवळ उभा राहतो, खरं तर लवकर तिथनं हलवलं तर सुधारण्याची शक्यता जास्त असते. सिलिकोसिस आणि आयसोसायनेटची विषबाधा हे दोन्ही कायद्यातल्या कळवायच्या आजारांच्या यादीत आहेत, म्हणजे निदान झालं की डॉक्टरने ते फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला कळवायचं असतं.