शीकवाल्याचा कोळसा आणि एनटीपीसीचा कोळसा एक नव्हे बे!

परवा सोलापूरजवळ होटगीला एनटीपीसीच्या वीजकेंद्राची मालगाडी थांबली होती, वाघिणीच्या वाघिणी कोळशानं भरलेल्या, तर भाचा म्हणतो, "मामा, एवढ्यात किती शीक कबाब भाजतील?" मी म्हणलं एक पण नाही. त्याला पटेना. पटणार कसं, दोन्हीला आपण कोळसाच म्हणतो की.

आमची पण एकदा अशीच फजिती झालेली. गच्चीवर कबाबचा बेत, ऐनवेळी कोळसा संपला, आणि एक दोस्त रुळाकडंला पडलेली ढेकळं पिशवीत घालून आला. पाऊण तास पेटेना, पेटलं तर पिवळट धूर आणि डांबराचा वास, शेवटी सगळं चिकन टाकून दिलं. ती ढेकळं म्हणजे दगडी कोळसा. सोलापुरात विजापूर वेशीत शीकखाली किंवा इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीत असतो तो लाकडी.

लाकडी कोळसा माणूस बनवतो. माळावरची वेडी बाभूळ तोडायची, लाकडं रचायची, वरनं पालापाचोळा आणि माती लिंपायची आणि हवा जवळजवळ बंद करून आत धुमसत ठेवायचं. हवा मिळाली तर राख होते, नाही मिळाली तर पाणी आणि गॅस निघून जातात आणि कार्बन मागं राहतो. आधी पांढरा दाट धूर येतो, ती नुसती वाफच असते बरीचशी, मग धूर पातळ निळसर झाला की भट्टी झाली समजायचं. काही दिवसांचं काम, पण पाच-सहा किलो लाकडातनं किलोभर कोळसा हाती लागतो. (हुरडा मात्र गोवऱ्यांच्या आगटीतच, तिथं कोळसा आणला तर आमची आजी हाकलून देईल.)

दगडी कोळशाला भट्टी नाही, त्याला जमीनच दाबते. 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी गोंडवन नावाच्या जुन्या खंडात दलदलीची जंगलं होती, झाडं पाण्यात पडली, हवा नसल्यामुळं नीट कुजली नाहीत, वर गाळ साचत गेला, मग आधी पीट (अर्धवट कुजलेला मऊ थर), मग लिग्नाइट (कच्चा तपकिरी कोळसा), मग बिट्युमिनस (नेहमीचा काळा), आणि लईच दाबलं तापवलं की अँथ्रासाइट (सगळ्यात कडक). म्हणजे डायनासोर यायच्या आधीचं लाकूड म्हणा! चंद्रपूर, वणी, नागपूर भागात हाच गोंडवन कोळसा आहे. आपल्या सोलापुरात का नाही? कारण पायाखाली काळा बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्ह्यात कसलं जंगल.

खाणीचं पण दोन तऱ्हेनं चालतं. थर वर असला तर ओपनकास्ट, म्हणजे वरची माती-खडक सुरुंग लावून, शॉवेल-डंपरनी बाजूला काढायचा आणि मग कोळसा उचलायचा, देशातला बहुतेक कोळसा आता असाच निघतो. चंद्रपुरात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) खाणींजवळ जे डोंगर दिसतात ना, ते डोंगर नाहीत, काढून टाकलेली माती आहे. थर खोल असला तर भुयार, आणि छत पडू नये म्हणून कोळशाचेच खांब सोडत जायचं, म्हणजे चांगला माल तिथंच राहतो.

आता गंमत. किलोला किलो लावला तर लाकडी कोळसाच जास्त तापतो, साधारण 7000 किलोकॅलरी, आणि आपल्या वीजकेंद्रांतला दगडी कोळसा बहुतेकदा 3500 ते 4500. कारण त्यात राखच 30-40 टक्के, जमिनीतली माती मिसळलेली. पण लाकडी कोळशावर वीज करायची म्हणलं तर माळच्या माळ बोडके होतील, दगडी मात्र एका खाणीतनं वर्षानुवर्षं निघतो. आपल्या सोलापूरच्या जुन्या कापडगिरणीच्या काळात, 1877 च्या आसपास, वाफेची इंजिनं होती, त्यांना पण असाच ढिगानं कोळसा लागायचा.

ओळखायचा कसा? लाकडी हलका, लाकडाच्या रेषा दिसतात, एकमेकावर आपटला की खणखणतो, कोरडा असला तर पाण्यावर तरंगतो. दगडी जड, चमकदार थर, सरळ तळाला. एक मात्र दोन्हीत सारखंच, कार्बन मोनॉक्साइड. लाकडी कोळशाला धूर नाही म्हणून थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार लावतात काहीजण, त्या गॅसला वासच नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

आणि भाच्याचा हिशोब राहिला. एनटीपीसीचं फताटेवाडीचं वीजकेंद्र 1320 मेगावॅटचं, एक युनिटला साधारण 650 ग्रॅम कोळसा धरा, पूर्ण लोडवर दिवसाला जवळपास 20 हजार टन, म्हणजे तशा पाचेक मालगाड्या. त्यानं आकडा ऐकला आणि विचारतो, "मग रात्री सगळ्यांनी फॅन बंद केला तर एक गाडी वाचंल का?"