वस्ती-सर्वेक्षण, नागरी

शहरातील गरीब वस्तीत कोण राहते, ते कशावर पोट भरतात, कोणत्या सोयींवाचून त्यांचे अडते आणि त्यांतले आधी काय व्हायला हवे, याची घरोघर फिरून केलेली नोंद म्हणजे वस्ती-सर्वेक्षण. शासन, महापालिका, विद्यापीठे व स्वयंसेवी संस्था अशी सर्वेक्षणे करतात. रहिवाशांनी स्वतः केलेल्या सर्वेक्षणास स्व-गणना म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे मुंबई व पुणे येथील परंपरेचा विचार केला आहे.

या पद्धतीच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एक मत तिचा आरंभ लंडनमध्ये मानते. तेथे चार्ल्स बूथ यांनी १८८६ च्या सुमारास सुरू केलेल्या पाहणीत रस्तेन् रस्ते आर्थिक स्थितीनुसार रंगवले गेले. सर्वांत हलाखीच्या गल्ल्या काळ्या रंगाने दाखवल्या होत्या. दुसरे मत पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांना अग्रमान देते. ‘आधी निदान, मग उपचार’ हे गेडिस यांचे नगररचनेतील सूत्र होते. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. जुन्या दाट वस्त्यांतून रुंद रस्ते आरपार नेण्याऐवजी पडकी घरे तेवढी काढून अंगणे मोकळी करावीत आणि त्यासाठी गल्लीन् गल्ली पायी हिंडून पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईत त्याआधीच १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ च्या कायद्याने, सुधार न्यास स्थापन झाला होता व नागपाडा ही त्याची पहिली सुधारणा-योजना होती. मात्र न्यासाच्या पाहणीचा रोख उजेड, वारा व सांडपाणी यांवर असे. प्रश्न घराला विचारले जात, घरात राहणाऱ्याला नव्हे.

माणसांकडे वळलेल्या पाहण्या थोड्या नंतरच्या. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाची केलेली चौकशी १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील कामगार व त्यांच्या घरांवरील अभ्यास १९२५ मध्ये. पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली; तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये निघाले. नागपाड्यातच क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी चालवलेल्या नेबरहूड हाउस या वस्ती-सेवाकेंद्राच्या कामातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था उभी राहिली. प्रश्नावली, नमुना-निवड, कुटुंबाचा जमाखर्च ही आजच्या सर्वेक्षणाची अवजारे या परंपरेतून आली, हे मान्य करावे लागते. तथापि वस्तीने स्वतःला मोजण्याची प्रथा या विद्यापीठीय वंशावळीत बसत नाही. ती पाडकामाच्या नोटिशीला दिलेले उत्तर म्हणून जन्मली, असे मानणे कागदपत्रांशी अधिक जुळते. पुढील हकीकत त्या मताला धरून आहे.

महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम १९७१ चा. त्याच्या कलम ४ नुसार आरोग्य, सुरक्षितता वा सोय यांना बाधक ठरणारे क्षेत्र ‘झोपडपट्टी’ म्हणून घोषित करता येते. आणीबाणी चालू असताना, ४ जानेवारी १९७६ रोजी, शासनाने मुंबईतील झोपड्यांची एकदिवसीय गणना केली. नोंद झालेल्यांना ओळखपत्रे मिळाली. फोटोपास हा शब्द मुंबईच्या बोलीत तेव्हापासून रुळला. त्याच वर्षी तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी हटवून रहिवाशांना चीता कॅम्पमध्ये नेण्यात आले. या कॉलनीच्या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम (निधन २०१८) यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा केला. त्यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९७६ च्या गणनेचे महत्त्व पुढे न्यायालयात दिसले. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या आदेशाने पदपथांवरील झोपड्या काढण्यास सुरुवात झाली. त्याविरुद्धचे प्रकरण ऑल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध आहे. १० जुलै १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पाडकाम पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, तेवढे लांबवले. १९७६ मध्ये ज्यांची गणना झाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही निकालात म्हटले आहे. यादीत नाव असणे आणि नसणे यांत किती अंतर असते, हे त्या वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांना कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने निकाल आणि पाडकामाची मुदत यांमधल्या महिन्यांत पदपथवासीयांची गणना केली. भायखळ्याचा ई विभाग व शहरातील काही मोठे रस्ते धरून सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली. ही माणसे उपरी, येणारी-जाणारी आहेत, हा समज तिने खोटा ठरवला. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच पदपथावर होती आणि कामाला चालत जाता यावे म्हणूनच तिथे टिकून होती. लांबच्या उपनगरात मोफत भूखंड मिळाला, तरी बसभाड्यात दिवसाची कमाई जाणार, हा हिशेब त्यांनी आधीच मांडलेला होता. याच कामातून १९८६ च्या सुमारास महिला मिलन ही संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांनी पहिली मागणी घराची केली नाही. आधी रेशनकार्ड, मग बचत, मग घर, असा त्यांचा क्रम होता. घराचा नमुना त्यांनी स्वतः आखला, तेव्हा जमिनीवरचे क्षेत्र वाढवून मागण्याऐवजी छत चौदा फूट उंच ठेवून पोटमाळ्याची सोय केली. कुटुंब वाढले की माळा वाढतो, हा अनुभव त्यामागे होता.

मोजणीचे एकक हा या विषयातील सर्वांत किचकट व सर्वांत दुर्लक्षित भाग. शासकीय सर्वेक्षण साधारणतः झोपडी म्हणजे बांधकाम मोजते, जनगणना कुटुंब मोजते आणि पुनर्वसन योजना ‘पात्र झोपडीधारक’ मोजते. तिन्ही आकडे सहसा जुळत नाहीत. एकाच झोपडीत खाली मालक, वर शिडीने चढून जाण्याच्या खोलीत डिपॉझिट देऊन राहणारा भाडेकरू आणि मागच्या बाजूला लग्न झालेल्या मुलाची वेगळी चूल, अशी स्थिती सर्रास असते. रंगाने दारावर लिहिलेला क्रमांक मात्र एकच. चूल हे एकक धरले तर येथे तीन कुटुंबे होतात, बांधकाम धरले तर एक. दार बंद आढळल्यास सर्व्हेवाले ‘बंद’ असा शेरा मारून पुढे जातात. धुणीभांड्यांना वा नाक्यावर गेलेल्या माणसाचे घर दुपारी बंदच असणार. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत (१९९५ पासून) पात्रतेची यादी परिशिष्ट-२ म्हणून ओळखली जाते. पात्रतेसाठी रहिवासाची १ जानेवारी १९९५ ही मुदत पुढे १ जानेवारी २००० अशी झाली आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क घराची तरतूद आली. वरच्या मजल्यावरील रहिवासी प्रदीर्घ काळ या यादीबाहेर राहिले. धारावीत २०२४ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणाला काही रहिवाशांनी विरोध केला, त्याच्या मुळाशीही पात्र-अपात्रतेची ही धास्ती होती.

‘वस्ती’ कशाला म्हणायचे, यातही एकवाक्यता नाही. २०११ च्या जनगणनेत अधिसूचित व मान्यताप्राप्त झोपडपट्ट्यांखेरीज किमान ३०० लोकसंख्येची वा ६० ते ७० कुटुंबांची दाट, निकृष्ट वस्ती ‘निर्धारित’ झोपडपट्टी म्हणून धरली गेली. राष्ट्रीय नमुना पाहणी २० कुटुंबे पुरेशी मानते. म्हणजे नाल्याकाठची पंचवीस घरांची रांग एका खात्याच्या लेखी झोपडपट्टी आहे, दुसऱ्याच्या लेखी नाही. बृहन्मुंबईच्या लोकसंख्येत झोपडपट्टीवासीयांचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे ५४ टक्के, तर २०११ मध्ये सुमारे ४२ टक्के दाखवले गेले. ही घट पुनर्वसनाचे फळ म्हणून सांगितली जाते, परंतु क्षेत्रे निश्चित करण्याच्या पद्धतीचा त्यात काही वाटा असावा, असे मत अधिक सावध व म्हणून अधिक ग्राह्य वाटते.

स्व-गणनेची रीत ठरावीक आहे. प्रथम वस्तीची सभा होते, नंतर गल्लीनिहाय घरांना क्रमांक दिले जातात व कच्चा नकाशा काढला जातो. त्यात नळ, शौचालय, गटाराचे तोंड, देऊळ-मशीद, बालवाडी, पिठाची गिरणी अशा खुणा येतात. मग कुटुंबवार तक्ता भरला जातो. यानंतरची पायरी शासकीय पाहणीत सहसा नसते: भरलेली यादी वस्तीत परत नेऊन मोठ्याने वाचून दाखवतात. अमक्याचे नाव दोनदा आले, तमकी विधवा सुटली, हा गाळा बंद नसून मालक गावी गेला आहे, अशा दुरुस्त्या त्याच जागी, शेजाऱ्यांच्या साक्षीने होतात. खोट्या नावांना आळा बसतो तो याच पायरीवर.

प्राधान्यक्रम ठरवणे हे गरजा नोंदवण्याहून अवघड. एकेका गरजेच्या चित्रापुढे खडे वा बिया ठेवून कौल घेण्याची, ग्रामीण सहभागी मूल्यांकनातून आलेली पद्धत शहरातही वापरतात. पुरुषांच्या बैठकीत रस्ता, दिवे व जागेचा कागद वर येतो. बायकांच्या बैठकीत पाणी आणि शौचालय. संयुक्त सभेत पहिली यादीच टिकते, असा सर्वसाधारण अनुभव असल्याने बैठका वेगळ्या घेण्याचा प्रघात पडला. पाण्याचे उदाहरण बोलके आहे. मुंबई महापालिका इमारतींसाठी माणशी दररोज १३५ लिटर व झोपडपट्टीसाठी ४५ लिटर असे मापदंड धरत आली. परंतु तक्रार बहुधा लिटरची नसते. पाणी पहाटे तीनला आले की कामावर जाणाऱ्या बाईची झोप जाते, ही असते. २००० नंतरच्या वस्त्यांना पाणी नाकारण्याच्या धोरणाविरुद्ध पाणी हक्क समितीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिच्या बाजूने आदेश झाला.

शौचालयांबाबत स्वच्छ भारत अभियानाचा मापदंड पुरुषांसाठी ३५ जणांमागे व स्त्रियांसाठी २५ जणींमागे एक सीट असा आहे. सीट मोजून गरज कळते, असे मात्र नाही. पुण्यात १९९९ नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कार्यकाळात स्वयंसेवी संस्थांमार्फत चारशेहून अधिक शौचालये बांधली गेली. त्यांतील काहींचे आराखडे वस्तीतील स्त्रियांच्या चर्चेतून ठरले. सकाळच्या रांगेत मोठी माणसे लहान मुलांना बाजूला सारतात आणि मुले शेवटी बाहेर गटारावर बसतात, हे त्यांनी सांगितले. त्यावरून मुलांसाठी वेगळा, उथळ व मोकळा भाग बांधण्यात आला, शिवाय देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली. मुंबईत २०११ मध्ये कोरो व अन्य संघटनांनी सुरू केलेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने आणखी एक गोष्ट उघड केली: पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना मात्र पैसे. सीटच्या तक्त्यात हा भेद येत नाही.

स्व-गणनेच्या राजकीय अर्थाविषयी दोन मते आहेत. अर्जुन अप्पादुराई यांनी २००१–०२ मधील लेखनात तिच्याकडे गरिबांनी शासनाचे मोजणीचे तंत्र आत्मसात करून तळातून उभारलेली लोकशाही म्हणून पाहिले. अनन्या रॉय यांच्यासारख्या अभ्यासकांनी उलट बाजू दाखवली: अशी गणना रहिवाशांना स्थलांतरासाठी राजीही करते. दुसऱ्या मताला जागतिक बँकेच्या निधीतून रेल्वे व रस्ते सुधारणाऱ्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा आधार मिळतो. रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांचे या प्रकल्पात तुलनेने शांतपणे स्थलांतर झाले व त्यात राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाच्या याद्या वापरल्या गेल्या. परंतु रस्त्याच्या कामांत दुकानदार बिथरले. त्यांच्या तक्रारींवरून जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाने केलेल्या चौकशीत (अहवाल २००५) बाधितांची संख्या आधीच्या सुमारे ८०,००० वरून १,२०,००० वर गेल्याचे व व्यावसायिकांच्या उत्पन्नाचा पुरेसा विचार न झाल्याचे आढळले. मार्च २००६ मध्ये बँकेने काही काळ निधी थांबवला. दुकान हे घरासारखेच एक बांधकाम, असे धरल्याने गिऱ्हाइकाची वाट, मालाची जागा आणि कामावरची पोरे तक्त्याबाहेर राहिली. अप्पादुराईंचे विवेचन पदपथवासीयांना लागू पडते, पण दुकानदारांच्या बाबतीत ते तितकेसे टिकत नाही.

मुंबई-पुण्याबाहेर माहिती विरळ होत जाते. पुण्यात १९९३ पासून काम करणाऱ्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने उपग्रह-छायाचित्रे व संगणकीय नकाशे यांच्या साहाय्याने सांगली-मिरज-कुपवाडमधील झोपडपट्ट्यांचे घरनिहाय नकाशे तयार केले. कोणत्या घरापर्यंत मलवाहिनी पोचते आणि कोठे वैयक्तिक शौचालय शक्य आहे, हे त्यांवरून ठरवता आले. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी या यंत्रमागाच्या शहरांत घर आणि कारखाना यांची सरमिसळ असते. मागावरचे कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात, भिशीत (सामाईक खाणावळीत) जेवतात व त्यांची स्वतंत्र चूल नसते. त्यामुळे झोपडी, कुटुंब वा चूल यांपैकी कोणत्याही एककात ते बसत नाहीत. धारावीच्या कारखान्यांत रात्री तेथेच मुक्काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांचीही तीच गत आहे.