ताप, ताट, ताक आणि नाट्यगृहाच्या भिंती

पुण्यातल्या एका सभागृहात मध्यंतरी नाटक पाहत असताना मागच्या रांगेतले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, ‘‘आवाज काय घुमतोय बघा!’’ त्याच वेळी माझ्या शेजारच्या आजी दर दोन वाक्यांनी नातीला विचारत होत्या, ‘‘काय म्हणाला गं तो?’’ गृहस्थांचे कौतुक आणि आजींची अडचण यांचे कारण एकच होते. आवाज घुमणे हे उत्तम नाट्यगृहाचे लक्षण आहे, हा आपल्याकडचा दृढ गैरसमज आहे. नाटकापुरते बोलायचे तर तो बहुधा दोषच असतो.

नटाचा आवाज प्रेक्षकापर्यंत आधी थेट पोचतो आणि मग भिंती, छत, बाल्कनीची कड यांवरून परावर्तित होऊन पुन्हा पुन्हा येत राहतो. थेट आवाजानंतर साधारण एक विसांश सेकंदाच्या आत आलेली परावर्तने कान वेगळी मानत नाही. ती मूळ आवाजात मिसळून त्याला बळच देतात. ध्वनी एका सेकंदात सुमारे 340 मीटर जात असल्यामुळे, थेट वाटेपेक्षा सतरा मीटरपर्यंत लांबच्या वाटेने आलेला आवाज आपला मित्र ठरतो. त्यानंतर रेंगाळणारी शेपटी म्हणजे निनाद, आणि घोटाळा तिथे होतो.

‘ताप’, ‘ताट’ आणि ‘ताक’ हे शब्द पाहा. तिन्हींतला फरक फक्त शेवटच्या व्यंजनात आहे. बोलण्यातली बहुतेक ऊर्जा स्वरांत असते, तर अर्थ वेगळा करणारी व्यंजने क्षीण आणि क्षणिक असतात. ‘ता’मधला दीर्घ आकार सभागृहात घुमत राहिला, तर पाठोपाठ येणारा ‘प’ किंवा ‘क’ त्याखाली बुडतो आणि आजींना फक्त ‘ता…’ ऐकू येते. शिवाय अंतर दुप्पट झाले की थेट आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. निनाद मात्र सभागृहभर जवळपास सारखाच असतो, त्यामुळे मागच्या रांगांत थेट आवाजावर त्याची कुरघोडी होते. ध्वनिक्षेपकाचा आवाज नुसता वाढवल्याने हे सुटत नाही, कारण शब्दाबरोबर त्याची शेपटीही तेवढीच मोठी होते.

हे कोडे आकड्यांत मांडले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने. 1895 मध्ये तेथील एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच कळत नव्हते, कारण रिकाम्या दालनात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवल्या आणि शहर शांत झाल्यावर, रात्री, ऑर्गनची नळी वाजवून व कालमापक हाती धरून एकेक गादी वाढवत मोजमाप केले. त्यातून निघालेले सूत्र असे: दालनाचे घनमीटरमधील आकारमान 0.161 ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. उत्तर येते तो निनादकाळ, म्हणजे आवाजाची तीव्रता दशलक्षांशावर येण्यास लागणारे सेकंद. उघडी खिडकी आपल्यावर पडलेला सगळा आवाज गिळते असे मानले, तर शोषण म्हणजे किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज दालन गिळते, हे होय.

समजा, नाट्यगृह 5,000 घनमीटरचे आहे आणि रिकामे असताना त्याचे शोषण 400 चौरस मीटर आहे. निनादकाळ येतो दोन सेकंद. आता कपडे घातलेला एक माणूस 0.4 चौरस मीटर शोषतो असे धरून पाचशे प्रेक्षक बसवले की शोषण 600 होते आणि निनादकाळ 1.3 सेकंदांवर उतरतो. वाद्यवृंदाला दोन सेकंद शोभतात. संवादाला एकच्या आसपास हवा. रिकाम्या सभागृहातल्या रंगीत तालमीत भरदार वाटणारा आवाज प्रयोगात ‘कोरडा’ का लागतो, याचे उत्तर या भागाकारात आहे. गादीच्या खुर्च्या असतील तर त्या रिकाम्या असतानाही प्रेक्षकाची थोडीफार नक्कल करतात आणि हा फरक कमी होतो. लाकडी खुर्च्यांच्या सभागृहात तो पुरेपूर जाणवतो. काळ्या विंगा, झालरी आणि मागचा जाड पडदा हेही शोषकच, म्हणून तालमीला पडदे न लावता आवाजाचा अंदाज बांधणे फसवे असते.

आपल्याकडच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात 64 हात लांब व 32 हात रुंद असा मध्यम नाट्यमंडप माणसांसाठी योग्य मानला आहे आणि त्याहून मोठ्या मंडपात उच्चारलेले पाठ्य अस्पष्ट होते, असे कारणही दिले आहे. लांबीचा निम्मा भाग प्रेक्षकांचा असल्यामुळे शेवटचा प्रेक्षकही रंगभागापासून सुमारे पंधरा मीटरवरच राहतो. हे कान उघडे ठेवून केलेले उत्तम निरीक्षण आहे. त्यावरून ‘ऋषींना ध्वनिलहरींची सगळी समीकरणे ठाऊक होती’ असे संदेश मोबाइलवर फिरवण्याचे कारण नाही. तसे केल्याने त्या निरीक्षणाचे श्रेय उलट हिरावले जाते.

सॅबिनच्या व्याख्यानगृहात पुढे भिंतींवर शोषक थर बसवला गेला आणि दालन वापरण्याजोगे झाले. आजींच्या सभागृहात मागची भिंत अजून गुळगुळीत, रंगवलेल्या गिलाव्याची आहे.