घरसभा आणि क्लास मीटिंग

बेळगाव कॅम्प किंवा खानापूरकडच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) कुटुंबाला क्लास मीटिंगबद्दल, म्हणजे या पंथातल्या छोट्या गटाच्या नियमित बैठकीबद्दल, विचारा, 'ती आमची घरसभाच की,' असं उत्तर येण्याची शक्यता फार. दोन्हीकडे दहा-बारा माणसं, दोन्ही घरात. गल्लत सहज होते.

घरसभेला निमित्त लागतं: नवं घर, वाढदिवस, आजारपण, कुणाच्या निधनाला झालेलं वर्ष. नारायण वामन टिळकांची दोन गीतं, एखादं कन्नड गीत, पाळकसाहेबांचा संदेश, प्रार्थना, मग चहा-चिवडा. दुखावलेल्या घराला यातून मिळणारा आधार मोठा असतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण बोलतो एकजण, बाकीचे ऐकतात.

क्लास मीटिंगचा उगम तर चक्क कर्जातून झाला. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहाचं कर्ज फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायचं ठरलं. बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमला. पैसे गोळा करत घरोघर फिरताना त्यांना कळलं, कोण दारू पितं, कुणाचं घरात भांडण आहे. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी हे हेरलं. पुढे गट एकत्र बसू लागला आणि तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय, हे प्रत्येकाला विचारलं जाऊ लागलं. इथे गप्प ऐकून उठता येत नसे.

बेळगावात ही सवय का रुजली नाही? इथलं मिशनकार्य १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलं. अमेरिकन मेथडिस्टांकडे ते १९०४ मध्ये आलं, आणि तोवर खुद्द अमेरिकेतच क्लास मीटिंग ओसरली होती. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. इथली मंडळी (चर्चचे सभासद) म्हणजे निम्मं सोयरेधायरे. मुलगा पितो हे व्याह्यांसमोर कोण सांगणार? म्हणून 'प्रार्थना विनंती' बहुधा नोकरी, परीक्षा आणि गुडघेदुखीपुरतीच उरते.

भाषेचाही प्रश्न आहे. घरसभेत मराठी गीतानंतर कन्नड गीत घेतलं की सगळे खूश. स्वतःच्या मनातली कुरूप गोष्ट मात्र माणूस घरच्याच भाषेत बोलतो. त्यामुळे मिश्र मंडळीत क्लास मीटिंगचे गट मराठी आणि कन्नड वेगळे ठेवले तर ती फाटाफूट समजू नये. नवरा-बायको किंवा सासू-सून एका गटात नसावीत, आणि ऐकलेलं बाहेर जाऊ नये, हे आधीच ठरवावं.

दोहोंतला फरक एरवी लक्षात येत नाही, पण बिशपांच्या हुकमाने पाळकांची बदली झाली की उघडा पडतो. नवे साहेब येऊन रुळेपर्यंत घरसभा बंद. क्लासचा पुढारी मात्र मंडळीतलाच, कधी बाईसुद्धा. त्याची किंवा तिची बदली होत नाही.