दत्तक गेलेला परिच्छेद

माझा म्हापशाचा भाचा यंदा संगणकशास्त्राला गेला. चवथीला आला तेव्हा म्हणाला, "मामा, एचटीएमएलमध्ये कसंही लिहा, चालतं. ब्राउझर घेतो सांभाळून." एचटीएमएल म्हणजे संकेतस्थळांची पानं लिहायची भाषा. त्याचं पहिलं वाक्य चूक, दुसरं बरोबर. नेमक्या याच फरकावरून जाणकारांत कित्येक वर्षं जुंपली होती.

२००० साली डब्ल्यूथ्रीसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एक्सएचटीएमएल हा या भाषेचा कडक अवतार आणला. सोवळं कडक! 'इथून ठळक', 'इथे परिच्छेद' असं ब्राउझरला सांगणारी खूण म्हणजे टॅग; तो उघडायचा आणि बंदही करायचा. एक टॅग बंद करायचा राहिला, तर ब्राउझरने चूक दाखवून तिथेच थांबायचं. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी नावाची वेगळी चूल मांडली. त्यांचं म्हणणं, माणसं चुकणारच. वाचणाऱ्याला त्याची शिक्षा कशाला?

पेडण्यात दशावतार पाहिलेल्यांना हा पक्ष लगेच कळेल. लिखित संहिता नसते, एखादं पात्र अडखळलं की समोरचा सावरून घेतो. पण प्रत्येक मंडळी आपल्या परीने सावरते, आणि ब्राउझरांचंही तेच होत होतं. एकच चुकलेलं पान दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं दिसे. या वेगळ्या चुलीवर शिजलेल्या एचटीएमएल ५ ने काय केलं, तर सावरायचं कसं हेच अक्षर न् अक्षर लिहून काढलं.

त्यातला माझा लाडका भाग सांगतो. ठळक टॅग उघडून 'उद्या' लिहिलं. मग परिच्छेद उघडून 'जत्रा' लिहिलं, ठळक तिथेच बंद केला आणि पुढे 'आहे' लिहिलं. ब्राउझरच्या लेखी पान म्हणजे वंशवृक्ष, प्रत्येकाला पालक एकच. इथे परिच्छेदाचा पालक ठळक; पण तो मुलाच्या मध्यावरच संपतो. अर्धा पालक कसा चालेल? मग परिच्छेद ठळकच्या मांडीवरून उचलून आजोबांकडे दत्तक दिला जातो. ठळकचं एक जुळं तयार करून परिच्छेदाच्या पोटात ठेवतात, 'जत्रा' त्या जुळ्याकडे जाते, 'आहे' साधंच राहतं. मानकात या रीतीचं नावच दत्तकसंस्था! त्यासाठी दोन याद्या सांभाळाव्या लागतात, एक उघड्या टॅगांची, दुसरी अजून लागू असलेल्या ठळक-तिरप्यांची. आणि एका बंद टॅगमागे या दत्तकविधीच्या फेऱ्या जास्तीत जास्त ८.

सोवळ्या पक्षाची मला थोडी कीव येते. त्या काळी कित्येक संकेतस्थळांच्या तळाशी 'शुद्ध एक्सएचटीएमएल'चा बिल्ला असे. पण इंटरनेट एक्स्प्लोररला २०११ पर्यंत खरं एक्सएचटीएमएल कळतच नव्हतं, म्हणून बहुतेक पानं साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवली जात आणि कडक नियम लागूच होत नसत. दुकानाच्या दारातली लिंबू-मिरची जेवढी राखण करते, तेवढीच त्या बिल्ल्याने केली.

२००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चं काम गुंडाळायचं ठरलं, २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत झालं.

भाच्याने गावच्या जत्रेचं पान केलंय. पावणीच्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाच्या, वेळेपाशी ठळक टॅग बंद करायला विसरला. दुसऱ्या यादीत तो तसाच उरला, त्यामुळे खालचे सगळे देणगीदार नियमानुसार ठळक झालेत. अजून कोणाची तक्रार आलेली नाही.