टोन उडतात तेव्हा चिपमध्ये काय होतं?

१३ एप्रिलच्या रात्री नागपूरच्या इंदोऱ्यात भीमगीतांचा कार्यक्रम होता. मित्राने वर्कस्टेशन कीबोर्ड स्टँडवर चढवला, स्विच दाबला, तर पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं! चार वर्षं बसून जमवलेली शहनाई, ढोलकी, स्ट्रिंग्ज, सगळे टोन उडाले होते. "परवाच रात्रभर चालू ठेवला होता, सेल चार्ज व्हावा म्हणून," तो कळवळून म्हणाला. मंडपातल्या एकाने अमावस्येवर खापर फोडलं.

कीबोर्ड बंद असताना मेमरी जागी ठेवणारा आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल चार्ज होतच नाही. हा गैरसमज ऑर्केस्ट्रावाल्यांत फार पसरलाय. तो लिथियमचा, एकदाच वापरायचा सेल आहे. कीबोर्ड चालू असताना मेमरी मुख्य पुरवठ्यावर चालते आणि उलटा प्रवाह सेलमध्ये शिरू नये म्हणून वाटेत डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग असतो.

१९८८च्या कॉर्ग एम१सारख्या यंत्रात आवाजांचे मूळ नमुने रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत असतात, ते जात नाहीत. आपण बदललेले टोन मात्र स्टॅटिक रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहतात. तिथे एक बिट (एक 'हो' किंवा 'नाही') म्हणजे सहा ट्रान्झिस्टर, सहा इवले स्विच. त्यांतल्या चारांचे दोन 'उलटबोले' होतात. पहिला 'हो' म्हणाला की दुसरा 'नाही' म्हणतो, आणि ते 'नाही' ऐकून पहिला पुन्हा 'हो' म्हणतो. उरलेले दोन ट्रान्झिस्टर म्हणजे लिहिण्या-वाचण्याची दारं. कुठे काही कोरलेलं नाही, साठवलेलं नाही. दोघं एकमेकांना धरून उभे आहेत एवढंच! मला यापेक्षा देखणी रचना माहीत नाही. बऱ्याच चिपना हा संवाद टिकवायला दोन व्होल्ट पुरतात. त्याखाली गेलं की दोघं गप्प होतात, आणि वीज परतल्यावर कोण आधी 'हो' म्हणेल ते ट्रान्झिस्टरमधल्या बारीकशा फरकावर ठरतं. वेडीवाकडी अक्षरं येतात ती इथून.

सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. कीबोर्ड बंद असताना चिप सेलमधून जो प्रवाह खाते, ती गळती दोन मायक्रोअँपिअर धरली तर १,१०,००० तास, म्हणजे साडेबारा वर्षं. पाच धरली तर पाचच. चिपमधली गळती ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि कीबोर्ड काळ्या पेटीत, टेम्पोत बंद असतो. तेव्हा कागदावरची वर्षं नागपुरात पूर्ण मिळतील असं धरू नका.

मल्टिमीटरवरही विसंबू नका. हा सेल वर्षानुवर्षं तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि शेवटी झपकन खाली येतो. मित्राचा काढला तेव्हा १.१ निघाला. सेल बदलला की आवाज 'गोड' होतो असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका; स्वरांशी सेलचा काही संबंध नाही.

सेल काढण्याआधी टोन बाहेर काढून ठेवा. वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या मिडी केबलने सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंप, म्हणजे मेमरीची अख्खी प्रत संगणकात घेता येते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, आणि एका बाइटमागे दहा बिट जातात, म्हणजे ३,१२५ बाइट. डंपमध्ये सात बाइटचे आठ होतात, तरी ३२ किलोबाइटची अख्खी मेमरी बारा-एक सेकंदांत उतरते. चार वर्षांची मेहनत, बारा सेकंद! जुन्या रॅम कार्डावर ठेवत असाल तर त्यातही असाच एक सेल असतो, तोही बघा. कॉर्ग ट्रायटनसारख्या पुढच्या यंत्रांत सिक्वेन्सरमधलं, म्हणजे कीबोर्डमध्येच नोंदवलेलं गाणं तर स्विच बंद करताच जातं, ते आधी फ्लॉपीवर सेव्ह करावं लागतं.

नवा सेल बसवला की झाकणाच्या आतून मार्करने महिना आणि वर्ष लिहा.